मोडकं जहाज, परकं बंदर: आसरा कसा मागायचा

बडोद्यात समुद्र नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून सुरसागर दिसतो, पाण्याच्या मधोमध उभा महादेव दिसतो. खारं पाणी बघायचं तर दहेजकडे नाहीतर खंबायतेकडे जावं लागतं. तरी इथली मराठी मुलं बोटीवर जातात. जॉइनिंगचा कागद हातात पडला की त्यांतली काही माझ्याकडे येतात आणि बॅगेत काय भरायचं, थंडीचे कपडे किती घ्यायचे, कुठलं सिमकार्ड चालेल, हे सगळं विचारतात. मी सांगतो, आणि मग माझा एक प्रश्न विचारतो. भर समुद्रात जहाजात पाणी शिरलं आणि जवळचा देश म्हणाला, ‘आत येऊ नका’, तर काय कराल?

पोरं गप्प होतात. कॉलेजात आग विझवायला शिकवतात, लाइफबोट उतरवायला शिकवतात. परक्याचं दार कसं ठोठवायचं हे फारसं कुणी शिकवत नाही. मी चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालचा पहिला अधिकारी, असताना आठ दिवस अशा एका दाराबाहेर उभा होतो. त्यातल्या निदान चार दिवसांना मी टाइप केलेला एक शब्द कारणीभूत होता. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

जानेवारी २००१ ची गोष्ट. गहू भरलेलं बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, पाच होल्ड, म्हणजे मालाची कोठारं, चोवीस माणसं. अटलांटिकच्या पूर्व बाजूला वादळ लागलं आणि दुसऱ्या रात्री पहिल्या होल्डच्या हॅच कव्हरचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, क्लीट (पकडी) तुटले. रबरी सील फाटलं. लाट डेकवरून गेली की पाणी सरळ गव्हात. तळाचं पाणी काढणारा बिल्जचा पंप लावला तर दहा मिनिटांत जाळी गव्हाने बंद. सकाळपर्यंत जहाज नाकावर बसलं होतं. पुढचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते, मागच्यापेक्षा सव्वा मीटर जास्त. सर्वांत जवळचं बंदर एकोणीस तासांवर. त्या बंदराचं आणि आमच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही.

आधी हे नीट समजून घ्या

माणसांचा आसरा वेगळा आणि जहाजाचा आसरा वेगळा. समुद्रात माणूस संकटात असेल तर त्याला वाचवलंच पाहिजे. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा करार, आणि १९७९ चा शोध व बचाव करार हेच सांगतात. पण माझ्या मोडलेल्या जहाजाला बंदरात घेतलंच पाहिजे असा हक्क कुठल्याही करारात सरळ लिहिलेला नाही. किनाऱ्यावरचा देश तुमची माणसं उतरवून घेईल आणि जहाजाला म्हणेल, दूर जा.

आम्हाला हे डोळ्यांनी बघायला मिळालं. बाहेर थांबलेलो असताना पाचव्या दिवशी आमच्या एका तेलवाल्याचा, म्हणजे इंजिनरूममधल्या खलाशाचा, हात वॉटरटाइट दारात चिरडला. रेडिओवर सांगितल्यापासून चार तासांत लाँच आली, डॉक्टर आला, त्याला घेऊन गेले. त्याच लाँचच्या माणसाला आम्ही विचारलं, ‘आणि आम्ही?’ त्याने फक्त हात हलवला. माणसाला एका सकाळीत दार उघडलं, जहाज तिथंच.

बंदराच्या बाजूने बघितलं तर त्यांची भीती खोटी नसते. त्याच आठवड्यांत ‘कॅस्टर’ नावाचा टँकर पेट्रोल भरून, डेकला तडा गेलेला, भूमध्य समुद्रात टगच्या, म्हणजे ओढणाऱ्या बोटीच्या, मागे फिरत होता. एकामागून एक देश नको म्हणत होते. सुमारे चाळीस दिवसांनी ट्युनिशियाजवळ त्याचा माल दुसऱ्या जहाजांत काढता आला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००२ मध्ये, ‘प्रेस्टिज’ स्पेनच्या किनाऱ्यापासून दूर ढकलला गेला आणि सहाव्या दिवशी दोन तुकडे होऊन बुडाला. सुमारे ७७,००० टन जड तेल त्यात होतं आणि किनारे काळे झाले. त्यानंतर डिसेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, अशा जहाजांच्या आसऱ्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. त्यांत देशांना सांगितलं आहे की नकार देण्याआधी जहाज तपासा, आत घेतल्याने काय होईल आणि बाहेर ठेवल्याने काय होईल हे दोन्ही तोला. पण ती तत्त्वं आहेत, सक्ती नाही. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण कोरियाजवळ टक्कर होऊन जळलेला ‘मेरिटाइम मेझी’ हा केमिकल टँकर त्यानंतरही शंभराहून जास्त दिवस आसऱ्याविना राहिला.

आणि हे फक्त परदेशात होतं असं समजू नका. २०२१ च्या मे महिन्यात ‘एक्स-प्रेस पर्ल’वरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होतं. तो कंटेनर कतारच्या हमद बंदरात उतरवून घेतला गेला नाही आणि आपल्या सुरतेजवळच्या हजिऱ्यालाही नाही. जहाज कोलंबोसमोर पेटलं आणि जूनमध्ये बुडालं. हजिरा इथून गाडीने तीन-साडेतीन तासांवर आहे. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिले दोन तास

माणसांच्या जिवाला आत्ता धोका असेल तर मेडे. जहाज अडचणीत आहे पण अजून तरंगतंय, माणसं सुखरूप आहेत, तर पॅन-पॅन. दोन्हींत डीएससी, म्हणजे बटण दाबून जाणारा डिजिटल इशारा, चॅनेल ७० वर आणि आवाज चॅनेल १६ वर. परिस्थिती बिघडली तर पॅन-पॅनचं मेडे करता येतं, त्यात कमीपणा नाही. इंजिन किंवा सुकाणू गेलं असेल तर रात्री एकाखाली एक दोन लाल दिवे, दिवसा दोन काळे गोळे. हे सगळे शिकलेले असतात, तरी गडबडीत विसरतात.

व्हीडीआरचं, म्हणजे जहाजाच्या ब्लॅक बॉक्सचं, सेव्ह बटण लगेच दाबा. नव्या यंत्रात निदान अठ्ठेचाळीस तासांचं रेकॉर्डिंग राहतं, जुन्यांत बाराच तास, आणि तुम्ही बंदराची वाट बघत बसाल तेवढ्यात अपघाताची रात्र पुसली जाईल. पुढे कुणी म्हणालं की चूक तुमचीच, तर तेच रेकॉर्डिंग तुमच्या बाजूने बोलतं.

कंपनीला कळवा, पण कंपनीच्या परवानगीची वाट बघू नका. सोलासच्या पाचव्या प्रकरणात ३४-१ हा नियम आहे. माणसांचा जीव आणि समुद्र वाचवण्यासाठी कॅप्टनने जे करायचं ठरवलं त्यात मालकाने आडकाठी आणायची नाही, असं तो स्पष्ट सांगतो. तो नियम पाठ करा, नंबरासकट. टग आली आणि वेळ नसेल तर बचावाच्या करारावर मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार कॅप्टनला आहे. लॉइड्सचा ओपन फॉर्म हा बचावाचा ठरावीक करार आहे आणि त्याचा मतलब सरळ आहे, काम झालं तर पैसे, नाही झालं तर नाही. मुंबईहून किंवा सिंगापूरहून कुणी फोनवर घासाघीस करत बसला म्हणून जहाज खडकावर जाऊ देऊ नका.

मागणी कशी लिहायची

आता मुख्य भाग. आमचा पहिला संदेश मी टाइप केला होता. कंपनीचा सुपरिंटेंडंट सॅटेलाइट फोनवर म्हणाला, घाबरवू नका, नाहीतर घेणार नाहीत. कॅप्टन थकलेले होते. मी लिहिलं: ‘पहिल्या होल्डमध्ये किरकोळ पाणी, परिस्थिती नियंत्रणात.’ तो ‘किरकोळ’ माझा.

तिसऱ्या दिवशी बंदराचा सर्व्हेअर, म्हणजे जहाज तपासणारा माणूस, लाँचने आला. पन्नाशीचा, ठेंगणा माणूस, हातात स्वतःची पितळी साउंडिंग दांडी, पाण्याची खोली मोजायची. दांडीला त्याने पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावली, होल्डच्या पाइपात सोडली, वर ओढली. पेस्टचा रंग जिथपर्यंत बदलला होता तिथं अंगठा ठेवून त्याने टेप लावली. दोन मीटर तीस. मग पाइपाच्या तोंडाशी नाक नेलं. भिजलेला गहू आंबायला लागला होता, डोशाचं पीठ विसरून राहिलं की येतो तसा पण त्याहून उग्र वास. त्याने माझा टेलेक्स खिशातून काढला, ‘किरकोळ’ या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. वही मिटून लाँचमध्ये उतरला. संध्याकाळी हुकूम आला: पंचवीस मैलांच्या बाहेर जा.

बंदराला पाण्याची भीती असतेच, पण जे माहीत नाही त्याची जास्त असते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा समा भागात माझ्या बहिणीच्या सोसायटीत रात्री खालची माणसं वरच्या मजल्यांवर येत होती. बहीण सांगते, एक बाई दारात उभी राहून म्हणाली, ‘आम्ही चौघं आहोत, सासूबाईंना डायबिटीस आहे, त्यांचं इन्सुलिन आणलंय, फ्रीजमध्ये ठेवायला लागेल, कुत्रा आहे पण तो जिन्यात राहील, पाणी उतरलं की सकाळी जाऊ.’ ताईने तिचं बोलणं संपायच्या आत दार उघडलं. किती जण, काय बरोबर, धोका कशाचा, किती वेळ, सगळं एका दमात कळलं. बंदराला तुम्ही हेच द्यायचं आहे.

सहाव्या दिवशी कॅप्टन म्हणाले, ‘आता सगळं लिही.’ मी दोन तास बसलो. त्या संदेशात काय होतं ते सांगतो, आजही मी मुलांना हाच क्रम देतो. जहाजाचं नाव, झेंडा, आयएमओ नंबर, आत्ताची जागा. किती माणसं, कुणी जखमी का. मग नुकसान, आकड्यांत: कुठला होल्ड, किती मीटर पाणी, दर तासाला किती वाढतंय. पुढचा आणि मागचा ड्राफ्ट. इंजिन चालू का, सुकाणू चालू का, नांगर टाकता येईल का. त्याच्यानंतर ज्याची त्यांना खरी धास्ती असते ते: माल काय आणि किती टन, इंधनाच्या टाक्यांत जड तेल किती, डिझेल किती, त्या टाक्या नुकसानीपासून किती लांब. धोकादायक माल असेल तर यूएन नंबरसकट, म्हणजे त्या मालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासकट. पुढच्या दोन दिवसांचं हवामान आणि ते बिघडलं तर जहाजाचं काय होईल, तुमचा खरा अंदाज.

आणि शेवटी मागणी. ती लहान ठेवा. आम्ही आधी धक्का, म्हणजे बंदरात जहाज बांधायची जागा, मागितला होता. धक्का म्हणजे त्यांचं सगळं बंदर अडकणार. या वेळी आम्ही मागितलं फक्त लाटेपासून आडोसा असलेलं अँकरेज, म्हणजे नांगर टाकायची जागा, बाहत्तर तास, पहिला होल्ड उघडायला आणि दोन मोठे पंप लावायला. टग आमच्या खर्चाने, पीअँडआय क्लबचं, म्हणजे जहाजमालकांच्या विमा संस्थेचं, पत्र सोबत, क्लबच्या तिथल्या प्रतिनिधीचं नाव सोबत. जहाज बिघडलं तर आम्ही स्वतःहून कुठे हलवू हेही लिहिलं. त्यांना ‘हो’ म्हणताना आपल्या वरिष्ठांपुढे ठेवायला कागद लागतो, तो कागद तुम्ही तयार करून द्या.

सोबत मी साउंडिंगचा तक्ता जोडला, मागच्या छत्तीस तासांचा, तासातासाचा. रत्नागिरीकडचे आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, रात्रभर दर तासाला दांडी टाकत होते आणि मी आकडा लिहीत होतो. पहाटे तीनला पाऊस होता, तक्त्यावर थेंब पडून शाई पसरली. तो कागद तसाच राहू दिला, नवा लिहिला नाही. नव्याने लिहिलेला स्वच्छ तक्ता बघून माणसाला शंका येते.

बोलताना इंग्रजी सोपं ठेवा. आयएमओची ठरावीक सागरी वाक्यं आहेत, तीच वापरा. आकडे एकेक करून सांगा, ‘दोन-चार-सहा’, दोनशे सेहेचाळीस नाही. समोरच्याला आपलं बोलणं परत म्हणायला लावा. रेडिओवरच्या माणसाचा आवाज चढला तरी तुमचा चढू देऊ नका, निर्णय तो घेत नसतो, तो फक्त पुढे सांगत असतो. आणि प्रत्येक बोलण्याची वेळ लॉगबुकात.

बाहेर थांबलेले दिवस

इथं माणसं तुटतात. आमच्याकडे गोडं पाणी आठवडाभर पुरेल एवढं होतं. पहिल्या दिवशीच आंघोळी बंद केल्या, हे पाचव्या दिवशी करावं लागलं असतं तर भांडण झालं असतं. भंडारी रोज खिचडी लावायचा, वर कच्चा कांदा. रोज संध्याकाळी सहाला मेसमध्ये सगळे, कॅप्टन आज काय झालं ते सांगायचे. काही झालं नसेल तर ‘आज काही झालं नाही’ तेही. एक दिवस ते आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी डेकवर अफवा होती की कंपनीने जहाज विकलं.

विश्रांतीचा नियम आहे: चोवीस तासांत किमान दहा तास, आठवड्यात सत्त्याहत्तर. संकटात कॅप्टनला तो बाजूला ठेवता येतो, पण नंतर भरपाईची झोप द्यावी लागते. ती द्याच. आमच्या तेलवाल्याचा हात चिरडला तेव्हा तो सलग वीस तास जागा होता.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. ओला गहू, सोयाबीन, लाकूड, लोखंडाचा भंगार, असा माल भरलेल्या बंद होल्डमध्ये बघायला म्हणून कुणी उतरू नका. आंबणारा गहू ऑक्सिजन खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मीटर त्याखाली दाखवत असेल तर आत पाय ठेवायचा नाही, आणि वरून खाली पडलेल्या मित्राला वाचवायला कुणी मागोमाग धावायचं नाही. असे दोन-दोन, तीन-तीन जण एकामागून एक गेलेले आहेत. दोरी, श्वासाचं यंत्र, वर उभा एक माणूस, मगच.

आत घेतल्यावर

सातव्या दिवशी आम्हाला पाच मैलांवर बोलावलं. तोच सर्व्हेअर आला, तीच दांडी. माझ्या तक्त्यात शेवटचा आकडा होता दोन मीटर सेहेचाळीस. त्याच्या दांडीवर आले पंचेचाळीस. त्याने तक्ता मागून घेतला, पावसाच्या डागावरून अंगठा फिरवला आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला. आठव्या दिवशी दुपारी पायलट, म्हणजे जहाज बंदरात आणणारा वाटाड्या, आला.

आत गेल्यावर तपासणी मागणारा पिवळा क्यू झेंडा, मग आरोग्य खातं, कस्टम, इमिग्रेशन, एजंट. ते सुटसुटीत असतं. लक्ष पुढच्या गोष्टीकडे द्या. तुमचे जबाब घेतले जातील. आयएमओ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ मध्ये अपघातानंतर खलाशांना न्याय्य वागणूक कशी द्यायची याची तत्त्वं काढलेली आहेत. त्यांप्रमाणे तुम्हाला दुभाष्या मागता येतो, वकील मागता येतो, स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही असं म्हणता येतं. अडकवून ठेवलं तर भारतीय वकिलातीला कळवा अशी मागणी करा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क दिला आहे, पण मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देईलच असं नाही. वाचता येत नाही अशा भाषेतल्या कागदावर सही करू नका. पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळख-नोंदपुस्तक, एजंटच्या हातात देताना पावती घ्या. कॅप्टनने नोटरीसमोर किंवा वकिलातीत नोट ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे घडलेल्या प्रकाराचं अधिकृत निवेदन, लवकर नोंदवावी.

गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे. वकील येईपर्यंत गप्प राहा. पण ऑइल रेकॉर्ड बुकातलं, म्हणजे तेलाच्या नोंदवहीतलं, पान फाडणं, लॉगबुकात नंतर ओळ घुसडणं, हे कधीही नाही, कुणी सांगितलं तरी नाही. सांगणारा त्या देशात नसतो, तुम्ही असता. ‘प्रेस्टिज’चे कॅप्टन जवळपास तीन महिने तुरुंगात होते. दक्षिण कोरियात डिसेंबर २००७ मध्ये नांगरावर उभ्या असलेल्या ‘हेबेई स्पिरिट’वर टगपासून सुटलेली क्रेनची बार्ज (सपाट तळाचा तराफा) येऊन आदळली. जहाज उभं होतं, तरी त्याचे कॅप्टन आणि चीफ ऑफिसर, दोघेही भारतीय, जून २००९ पर्यंत घरी येऊ शकले नाहीत. चूक नसताना हे होतं. मग चूक लपवलेली सापडली तर काय होईल?

कंपनीने फोन उचलणं बंद केलं तर

दुरुस्तीचा खर्च जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त आहे असं मालकाला दिसलं की काही मालक गायब होतात. एमएलसी, म्हणजे २००६ चा सागरी कामगार करार, याला ‘सोडून देणं’ म्हणतो. घरी पाठवायचा खर्च दिला नाही, किंवा अन्न-पाणी-औषध बंद केलं, किंवा दोन महिन्यांचा पगार थकला, यांपैकी एक झालं तरी पुरे. १८ जानेवारी २०१७ पासून जहाजावर त्यासाठीच्या विम्याचं प्रमाणपत्र लावलेलं असलंच पाहिजे. त्यावर विमा कंपनीचं नाव आणि फोन असतो. त्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्न-पाणी आणि घरी यायचं तिकीट मिळतं. भारताने हा करार ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला आहे. जहाजावर चढल्या दिवशी मेसच्या बाहेरच्या फळ्यावर ते प्रमाणपत्र शोधा आणि मोबाइलने फोटो काढून घरी पाठवा. सापडलं नाही तर विचारा.

आयटीएफचा, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, इन्स्पेक्टर जगातल्या बऱ्याच मोठ्या बंदरांत असतो. आयस्वॉन या खलाशी कल्याण संस्थेची सीफेरर-हेल्प ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, फुकट. ‘सगळा हिशेब मिळाला’ अशा कागदावर पैसे हातात येण्याआधी सही नको.

आणि कोर्टाचा माणूस जहाजाचा राखणदार म्हणून तुमचं नाव घालायला लागला तर हात आखडता घ्या. ‘एमव्ही अमन’ हे जहाज २०१७ मध्ये इजिप्तमध्ये अडकलं. तिथल्या कोर्टाने चीफ ऑफिसरला कायदेशीर राखणदार ठरवलं. बाकीचे गेले, तो एकटा जवळपास चार वर्षं, एप्रिल २०२१ पर्यंत, तिथं अडकून राहिला. वीज नाही, पाणी नाही, फोन चार्ज करायला पोहून किनाऱ्यावर जायचा. वकील आल्याशिवाय ती सही करू नका.

इथं बडोद्यात घरच्यांनी

२००१ मध्ये मोबाइल नव्हता आमच्याकडे. माझी बायको रोज खारीवाव रोडवरच्या एसटीडी बूथवर जाऊन मुंबईच्या ऑफिसला फोन करायची. ते म्हणायचे, ‘सगळं ठीक आहे, वहिनी.’ तिसऱ्या दिवशी तिने एक वही काढली आणि प्रत्येक फोनची तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं हे लिहायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी तिने त्यांना त्यांचीच चार वेगळी उत्तरं वाचून दाखवली. त्यानंतर त्यांनी खरं सांगितलं. ती वही अजून आमच्या कपाटात आहे.

तेच करा. कॉन्ट्रॅक्टची प्रत, सीडीसी आणि पासपोर्टच्या झेरॉक्स, एजन्सीचा आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीच्या परवान्याचा), जहाजाचा आयएमओ नंबर, विम्याच्या प्रमाणपत्राचा फोटो, हे एका फाइलीत घरी असू द्या. एजन्सी दाद देत नसेल तर मुंबईच्या डीजी शिपिंगकडे, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याकडे, लेखी तक्रार करा, आरपीएसएल नंबरसकट, कारण तो परवाना तेच देतात. घरातल्या एकानेच बोलावं. काका एक बोलले, मामा दुसरं बोलले तर तिकडच्यांना कारण मिळतं. ‘पैसे द्या, मुलगा सोडवून आणतो’ म्हणणारा कुणी दारात आला तर त्याला चहाही देऊ नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाने पाठवलेले जहाजाचे फोटो पुढे ढकलू नका. तिकडे चौकशी चालू असते, तो फोटो त्याच्याच विरुद्ध वापरला जाऊ शकतो.

मुलाशी बोलताना रडू आलं तरी चालेल. पण ‘कसंही करून ये’ असं म्हणू नका. त्या वाक्यामुळे पोरं रात्री लाँचवाल्याला पैसे देऊन उतरायला बघतात आणि बेकायदा शिरल्याच्या गुन्ह्यात अडकतात.

आमचा पहिला होल्ड रिकामा व्हायला पाच दिवस लागले. सर्व्हेअरने बाहत्तर तासांची मुदत स्वतःहून वाढवून आणली. निघताना मी त्याला तक्ता परत मागितला, तर त्याने झेरॉक्स दिली आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवला. ती झेरॉक्स बायकोच्या वहीत आहे. ज्यांना साउंडिंगचा तक्ता कसा लिहायचा हे बघायचं असेल त्यांनी जॉइनिंगच्या आधी एकदा येऊन जा. कॉन्ट्रॅक्टची प्रत घेऊन या, तीही वाचून देतो. संध्याकाळी साडेपाचनंतर मी घरीच असतो.